तापीच्या काठाने सोनगडापर्यंत

सुरत हे नाव ऐकताच मराठी मनुष्यास १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात, आणि खवय्यांस तेथील घारी आठवते. सुटीत सहकुटुंब सुरतेस जाणारी मंडळी तापीकाठचा १५४६ सालचा किल्ला, इंग्रज व डच व्यापाऱ्यांची भव्य थडगी आणि डुमसचा समुद्रकिनारा पाहून, कापडाची गाठोडी घेऊन परततात. यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या तापीने या शहरास वैभव दिले, ती कोणत्या प्रदेशातून खाली येते हे पाहण्यासाठी प्रवासात आणखी एक दिवस राखून ठेवावा, एवढीच वाचकांस विनंती आहे.

सुरतेहून पूर्वेस, रस्त्याने सुमारे ९० किलोमीटरवर, सोनगड नावाचे लहानसे गाव आहे. भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर 'उकाई-सोनगड' असे त्याचे स्थानक आहे. वाटेत बारडोली लागते. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी वाढीव साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला तो येथेच. पुढे व्यारा मागे पडले की उसाचे सपाट मळे संपतात आणि सागाचे व बांबूचे डोंगर दिसू लागतात. हा मुलूख गामीत, चौधरी, वसावा आदी आदिवासींचा. २००७ सालापर्यंत तो सुरत जिल्ह्यातच होता. त्या वर्षी त्याचा स्वतंत्र तापी जिल्हा झाला.

गावाच्या माथ्यावर सोनगडचा किल्ला आहे. पुणे प्रांतातील दावडीच्या गायकवाड घराण्यातील पिलाजीरावांनी १७१९ साली हा डोंगर भिल्लांकडून घेतला आणि तेथे आपले ठाणे वसविले. १७३२ मध्ये डाकोर येथे दग्याने त्यांचा वध झाला; परंतु गायकवाडांचा अंमल गुजरातेत वाढतच गेला. बडोद्याच्या राजवाड्यांचे वैभव पुष्कळांनी पाहिलेले असते. त्या वैभवाचा आरंभ या ओबडधोबड तटबंदीत झाला, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. चढ कठीण नाही. सकाळच्या गारव्यात निघाल्यास मुलेबाळेही हसतखेळत वर पोहोचतात. माथ्यावर देवीचे मंदिर आहे आणि भोवताली दूरवर वनराजी पसरलेली आहे.

या माथ्यावरून उकाईचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तापीवरील हे धरण १९७२ साली पूर्ण झाले. त्याची लांबी जवळजवळ पाच किलोमीटर आहे. खालच्या अंगाच्या शेतांस कालव्यांचे पाणी मिळते, वीज निर्माण होते आणि सुरतेचे पुरापासून पुष्कळ अंशी रक्षण होते. पुष्कळ अंशी म्हणण्याचे कारण असे की, २००६ सालच्या ऑगस्टमध्ये धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले तेव्हा सुरतेचा बहुतेक भाग जलमय झाला होता.

निळ्याशार पाण्याकडे पाहून मन प्रसन्न होते. परंतु या पाण्याखाली दीडशेहून अधिक गावे गेली आहेत, हे मुलांस अवश्य सांगावे. तेथे घरे होती, शेते होती, देवस्थाने होती आणि पूर्वजांची विश्रांतीची ठिकाणेही होती. ती बहुतांशी आदिवासींची होती. त्यांनी उंचावर नव्याने संसार मांडले. ज्या पाण्याने त्यांची शेते गिळली, त्याच पाण्यात आज त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था जाळी टाकतात.

या संदर्भात स्कॉटलंडमधील पिटलॉक्री या छोट्या गावाची गोष्ट मनात येते. तेथे टमेल नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचे ठरले तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. सुंदर दरी नष्ट होईल आणि पाहुणे येईनासे होतील, अशी त्यांची भीती होती. धरण १९५१ च्या सुमारास पूर्ण झाले. अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत वर चढणाऱ्या सामन माशांची वाट अडू नये म्हणून धरणाच्या बाजूला ३४ टाक्यांची जणू एक शिडीच बांधण्यात आली. आज ती शिडी पाहण्यासाठीच लोक तेथे येतात. मुक्या माशांस वर जाण्यासाठी इतका खटाटोप झाला, हे योग्यच झाले. पण माणसांस घर सोडावे लागते तेव्हा त्यांच्यासाठी अशी शिडी बांधण्याचे स्मरण आपल्यास राहते का? उकाईच्या काठावर उभे राहिले की हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी सोनगडजवळचे गोमुख आणि त्याच तालुक्यातील चिमेरचा धबधबा पाहावा. चिमेरला पोहोचण्यासाठी काही अंतर पायी चालावे लागते. गावातील कुणी वाटाड्या सोबत घ्यावा, म्हणजे वाटही चुकत नाही आणि त्या घरी चार पैसेही जातात. ओढ्यास अचानक पाणी येते. तरुणांनी धबधब्याखालील डोहात उतरण्याचे धाडस करू नये. ज्यांस अरण्यात रात्र काढावयाची असेल त्यांच्यासाठी अंबिका नदीकाठी पदमडुंगरी येथे वनखात्याचे विश्रामस्थान आहे. गड चढण्यासाठी मात्र कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पाणी आणि शिदोरी सोबत असावी. प्रत्यक्ष धरणावर जाण्यास परवानगी लागते का, याची चौकशी आधी करावी.

परतताना बाजारात थांबून कोटवालिया कारागिरांनी विणलेली बांबूची एखादी टोपली किंवा सूप घ्यावे आणि फार घासाघीस करू नये. सुरतेचे कापड कपाटात राहील; हे सूप मात्र रोज हाताळले जाईल. तांदूळ पाखडताना घरातील एखादे मूल ते कोठून आणले असे विचारील, तेव्हा त्यास गडाबरोबर पाण्याखालच्या गावांचीही हकिगत सांगावी.