काम सुटलं, आता घोडा कुठं जाणार?

बालमित्रांनो, लग्नसराईत वरातीचा घोडा तुम्ही पाहिलाच असेल. पाठीवर जरीची झूल, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगुरमाळ आणि पुढे बँडबाजा! तुमचं लक्ष नवरदेवापेक्षा घोड्याकडेच जास्त, खरं ना? पण मला सांगा, लग्नाची तिथीच नसेल तेव्हा हा घोडा काय करतो? चातुर्मासात मुहूर्त नसतात. वरात नाही, म्हणून घोडेवाल्याच्या हाती पैसाही नाही. घोड्याच्या पोटाला मात्र सुट्टी नसते. त्याला रोज चारा आणि चंदी हवीच.

इथंच तर घोडं पेंड खातं! घोडा साधारण 25 ते 30 वर्षं जगतो. त्याचं काम मात्र पुष्कळदा त्याआधीच सुटतं. कधी पाय अधू होतो, कधी वय होतं, तर कधी धंदाच बसतो. पूर्वी गावोगावी टांगे होते. आपल्या दारव्ह्यात कुणी टांग्यात बसलं होतं का, हे घरच्या आजोबांना विचारून पाहा. टांगे गेले, ऑटोरिक्षा आल्या. पण टांग्याला जुंपलेल्या घोड्यांचं पुढं काय झालं?

मुंबईच्या व्हिक्टोरिया

हाच प्रश्न मुंबईत उभा राहिला. गेटवे ऑफ इंडियापाशी आणि मरीन ड्राइव्हवर चकचकीत व्हिक्टोरिया गाड्या धावायच्या. वरून मोठा थाट. पण घोडे दिवसभर डांबरी रस्त्यावर आणि रात्री दाटीवाटीच्या तबेल्यात. प्राणिमित्र न्यायालयात गेले. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करा, असं सांगितलं. एवढ्यावरच न्यायालय थांबलं नाही. घोड्यांची आणि गाडीवानांच्या कुटुंबांचीही सोय लावण्याची योजना सरकारने करावी, असाही आदेश दिला.

दोघांची का बरं? कारण मालकाच्या घरी चूल पेटली नाही, तर घोड्यापुढं चारा कुठून पडणार? पुढे 2021 मध्ये मुंबईत विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. त्यांना घोडा लागत नाही.

मोकळा सोडला म्हणजे सुटला?

छे! रस्त्यावर सोडलेला घोडा उकिरड्यावर तोंड घालतो. त्याच्या पोटात प्लास्टिक जातं, नासलेलं अन्न जातं. आणि एक गोष्ट ठाऊक आहे का? घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वर येऊ शकत नाही. मग पोटशूळ उठतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. म्हणूनच 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपाशीतापाशी राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा मानला आहे.

कैरोमधली शोधाशोध

आता थोडं दूर, इजिप्त देशात जाऊ. पहिलं महायुद्ध 1918 मध्ये संपलं, तेव्हा ब्रिटिश सैन्याने हजारो घोडे तिकडेच विकून टाकले. 1930 मध्ये डोरोथी ब्रुक नावाच्या बाई कैरो शहरात आल्या. हाडांचे सापळे झालेले म्हातारे घोडे तिथं ओझी ओढत होते. हे तर युद्धावरचे घोडे! बाईंनी 1931 मध्ये इंग्लंडच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. लोकांनी भराभर पैसे पाठवले. सुमारे तीन वर्षांत त्यांनी 5000 घोडे विकत घेतले. बरेचसे इतके थकलेले होते, की त्यांना शेवटचे चार दिवस विश्रांती, पोटभर चारा आणि शांत मरण एवढंच देता आलं. 1934 मध्ये बाईंनी तिथं घोड्यांसाठी मोफत दवाखाना उघडला. ‘ब्रुक’ ही त्यांच्या नावाची संस्था आज भारतातही काम करते.

विचार करा, त्या रस्त्याने रोज किती माणसं जात असतील! पण एका बाईंनी थांबून नीट पाहिलं.

तुम्हीही पाहायला शिका

घोडा उपाशी आहे का, हे शरीरावर सहा ठिकाणी कळतं: मान, आयाळ संपते तिथला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. अमेरिकेतल्या हेनेके या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये यावरून 1 ते 9 गुणांची पट्टी तयार केली. 1 म्हणजे नुसती हाडं, 9 म्हणजे फार लठ्ठ. 5 गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की लागतात. यासोबत लंगडणं, पाठीवरची जखम आणि वाढून वाकडे झालेले खूरही दुरून दिसतात.

असा घोडा दिसला तर काय करायचं?

1. जवळ जायची घाई करू नका. मागून तर मुळीच नको, लाथ बसेल. मोठ्या माणसाला सोबत घ्या.

2. आधी मालक शोधा. भांडू नका. “काका, घोड्याला बरं नाही का?” असं विचारा. पुष्कळदा मालकही अडचणीत असतो.

3. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा 1962 या क्रमांकावर मोठ्यांना फोन करायला सांगा. कुणी क्रूरपणे वागत असेल तर पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला कळवायला सांगा.

4. स्वच्छ पाणी ठेवा, पण दयेपोटी पोतंभर दाणा ओतू नका! फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा दिला तर तो दगावू शकतो. डॉक्टर सांगतील तसा आधी थोडा थोडा चारा, आणि मग हळूहळू वाढ.

5. परस्पर दुसऱ्या घोड्यांत नेऊन बांधू नका. ‘ग्लँडर्स’ नावाचा रोग घोड्यापासून घोड्याला, आणि माणसालाही होतो. आधी रक्ताची तपासणी हवी.

घर म्हणजे नुसता खुंटा नव्हे

घोडा पाळावा असं आता तुम्हाला वाटू लागलं असेल. वाटू द्या, पण हिशेब करा. त्याला रोज 25 ते 40 लिटर पाणी लागतं. पोट लहान, म्हणून दिवसभर थोडं थोडं खायला लागतं. कोरडी जागा हवी, फिरायला मोकळं रान हवं. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद हवा. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत हवी. एवढं एका घराला झेपणं कठीण. ज्याच्याकडे शेत आहे त्याने जागा द्यावी, कुणी कडबा द्यावा, कुणी औषधाचा खर्च उचलावा. चार घरं मिळून एका घोड्याचं घर होऊ शकतं.

तुमच्याकडे शेत नसेल, पैसेही नसतील. डोळे तर आहेत ना? पुढच्या वरातीत घोडा दिसला, की झुलीखालच्या बरगड्यांकडेही एकदा नजर टाका.