अडुळशाची बाटली : पुढचे नाव, मागचे लेबल

भारतातून परतताना सामानात अडुळशाच्या सिरपची एखादी बाटली ठेवण्याचा प्रघात अमेरिकेतील मराठी घरांत अद्याप टिकून आहे. आता अशी सिरपे येथील भारतीय किराणा दुकानांतही मिळतात. प्रश्न आहे तो त्यांच्या गुणवत्तेचा.

अडुळसा कफ मोकळा करतो, ही समजूत निराधार नाही. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरील संशोधनातूनच ब्रोमहेक्झिन आणि पुढे ॲम्ब्रॉक्सॉल ही आधुनिक औषधे निर्माण झाली. परंतु पान आणि सिरप यांत बरेच अंतर आहे. घरचा काढा किती पानांचा, हे करणाऱ्याला ठाऊक असते. बाटलीबाबत ते केवळ मागच्या लेबलवरून कळते. तेथे प्रत्येक मात्रेत कोणती वनस्पती किती मिलिग्रॅम आहे आणि ती चूर्णरूपात आहे की घनसत्त्वरूपात, हे पाहावे. पंधरा वनस्पतींची यादी वाचून ग्राहक सुखावतो. पण दोन चमच्यांत पंधरा जणांच्या वाट्याला येणार तरी किती?

उरलेला भाग बहुधा साखरेचा. पारंपरिक पद्धतीच्या पाकात ती वजनाने सुमारे दोन तृतीयांश असते आणि तीच औषध टिकवते. मधुमेहींसाठीच्या शर्कराविरहित सिरपांत तिच्या जागी सॉर्बिटॉल, ग्लिसरीन आणि परिरक्षके येतात. ग्लिसरीनसारख्या द्रावकांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळले गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. 2022 मध्ये गांबियात बालमृत्यूंशी जोडल्या गेलेल्या भारतीय बनावटीच्या सिरपांत हेच विष आढळले होते. ती सिरपे आयुर्वेदिक नव्हती, हे खरे; पण द्रावकाची कसून तपासणी दोन्हीकडे तितकीच आवश्यक आहे.

भारतात आयुर्वेदिक सिरप हे 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना घेऊन तयार होणारे औषध आहे. अमेरिकेत तेच सिरप 1994 च्या कायद्यानुसार सहसा पूरक आहार म्हणून विकले जाते. विक्रीपूर्वी त्याला एफडीएची मंजुरी लागत नाही. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले होते. ती पाहणी सिरपपुरती नव्हती, तरी दुकानातील फळीवर असणे म्हणजे तपासणी झालेली असणे नव्हे, एवढे त्यातून दिसले.

साध्या सर्दीनंतरच्या कफाला अशा सिरपाने आराम पडू शकतो. धाप, ताप, थुंकीतून रक्त किंवा तीन आठवड्यांहून जुना खोकला असल्यास मात्र डॉक्टरांकडेच जावे. व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळावा. मध असलेले सिरप एक वर्षाखालील बाळाला देऊ नये. बहुतेक खोकल्याच्या सिरपांत ज्येष्ठमध असतोच. त्याच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी म्हणूनच डॉक्टरांना आपल्या औषधांची यादी सांगताना या बाटलीचेही नाव सांगावे. नेमके तेच सांगायचे राहून जाते.