प्रकाशाचें थारोळें

पूर्वी कऱ्हाटींत विहिरीच्या मोटेचें पाणी एकदम पाटांत सोडीत नसत. सोंडेंतून उसळणारा लोट प्रथम थारोळ्यांत पडे, तेथें जरा स्थिरावे आणि मग अरुंद पाटानें मळ्याकडे जाई. थारोळें नसतें तर बरेंच पाणी बाहेर उडून वायां गेलें असतें. लेसरचा प्रकाश काचतंतूंत घालतांना अशीच अडचण येते. तेथें थारोळ्याचें काम भिंगांना करावें लागतें.

पुणें जिल्ह्याच्याच उत्तर भागांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यांत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीनें टिपलेला आकाशांतील अतिक्षीण संदेश लेसरच्या प्रकाशावर चढवून, ऑप्टिकल फायबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतींत आणतात.

असा डायोड लेसर म्हणजे मिठाच्या खड्याएवढा स्फटिक. त्याच्या ज्या फटींतून प्रकाश निघतो ती उंचीला एखादा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि रुंदीला त्याच्या कांहीं पट असते. फट बारीक तर झोतहि बारीक, असें कोणासहि वाटेल. परंतु प्रकाश तरंगरूप असल्यामुळें घडतें नेमकें उलट: फट जितकी अरुंद, तितका तो अधिक फांकतो. म्हणून हा झोत उभ्या दिशेनें तीस अंश वा त्याहूनहि अधिक पसरतो, आडव्या दिशेनें बराच कमी. पडद्यावर त्याचा डाग गोल न पडतां लांबट अंडाकृति पडतो. (डोळ्यांना तो दिसत नाहीं, ही गोष्ट वेगळी, संदेशवहनाचा हा प्रकाश अवरक्त असतो.)

उलट काचतंतूचा गाभा गोल, अवघा नऊ मायक्रॉनांचा; आणि तो मोठा चोखंदळ! अक्षाशीं सात-आठ अंशांहून अधिक तिरपा येणारा किरण तो स्वीकारीत नाहीं.

साधें गोल भिंग दोन्ही दिशांना सारखेंच वांकवितें. अंडाकृति डाग अंडाकृतिच राहतो. यास्तव दंडगोलाच्या आकाराचीं दोन भिंगें योजतात. एक अगदीं जवळ ठेवून उभा पसारा आवरतात. आडवा पसारा वाढत वाढत तितकाच झाला, कीं तेथें दुसरें ठेवतात. मग तो जवळजवळ गोल झालेला झोत तिसऱ्या भिंगानें गाभ्यावर आणतात. जागा थोडी असेल तेव्हां काचतंतूच्या टोंकालाच भिंगाचा आकार देतात, आणि ही युक्ति फार सुटसुटीत आहे. ठिपका जितका लहान तितका बरा, असा मात्र समज नसावा. तो गाभ्याच्या मापाहून फार लहान केला कीं किरण अधिक तिरपे होतात आणि गाभ्यांत टिकत नाहींत. जागा एखाद्या मायक्रॉननें चुकली तरी प्रकाश घटतो.

शिवाय काचेच्या टोंकावरून परतलेला प्रकाश लेसरमध्यें शिरला, तर लेसरचें तेज डळमळूं लागतें आणि क्षीण संदेशांत खरखर मिसळते. म्हणून तें टोंक सुमारें आठ अंशांनीं तिरपें घांसतात. परतलेला किरण मग बाजूला निघून जातो.