तीनचाकी न्यायची, तर ट्रॉली कोणती घ्यावी?



गळीत हंगाम संपला की आपल्या ट्रॉल्या उसातून मोकळ्या होतात, पण त्यांना विसावा कुठला! शेणखत, विटा, हळदीची पोती, लग्नाचं सामान, सगळं त्यांच्यावरच. अलीकडे त्यात बंद पडलेल्या तीनचाकीची भर पडली आहे. वसमत, औंढा, कळमनुरी भागात भाजीपाला, दूध नि हळद वाहणाऱ्या तीनचाकी गाड्या गावोगावी झाल्या. दिव्यांग बांधवांकडे बाजूला जादा चाकं बसवलेल्या स्कूटर आहेत. लोक त्यांनाही तीनचाकीच म्हणतात. अशी गाडी बिघडली की हिंगोलीला नाही तर नांदेडला न्यावी लागते, आणि मग शेजाऱ्याची ट्रॉली मागितली जाते.

या गाडीवर एखाद्याचं घर चालतं. दिव्यांग बांधवाचे तर ते पायच. ती वाटेत उलटली तर दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतोच, पण सोबत हौद्यात बसलेला माणूस गाडीखाली सापडला तर काय? म्हणून ट्रॉली निवडताना काय पाहावे, याविषयी चार गोष्टी सभासदांपुढे मांडत आहोत.

पहिली गोष्ट वजनाची. दहा टन ऊस वाहणारी ट्रॉली रिक्षा काय सहज नेईल, असे आपल्याला वाटते. पण खरी अडचण तिथेच आहे. उसाच्या ट्रॉलीचे पाटे जड ओझ्यासाठी केलेले असतात. तीन-चारशे किलोच्या रिक्षाने ते दबतच नाहीत. खड्डा आला की ट्रॉली उडते, आतली गाडीही उडते आणि दोर सैल पडतात. त्यामुळे गावात लहान, ठेंगणी ट्रॉली असेल तर तीच मागावी. मोठीच न्यावी लागली तर ट्रॅक्टर बैलगाडीच्या बेताने चालवावा.

दुसरी गोष्ट चाकांची. दोनचाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. ओझे आसाच्या मागे गेले तर ट्रॉलीचे तोंड वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. प्रवासी रिक्षाचे इंजिन मागे असते. ती पुढे तोंड करून चढवली आणि फाळक्याला टेकवून उभी केली, तर सगळा भार नेमका चुकीच्या जागी पडतो. म्हणून गाडी एवढी पुढे घ्यावी की तिचा जड भाग आसाच्या थोडा पुढे येईल. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते, तिथे ही भीती कमी. मात्र ती मागे घेणे अवघड. अरुंद गल्लीतून गाडी उचलायची असेल तर त्याचा आधी विचार व्हावा.

तिसरी गोष्ट उंचीची. हौदा जमिनीपासून तीन फूट उंच असेल तर फळ्या किमान बारा फुटी हव्यात. आखूड फळीवर गाडी चढवणे म्हणजे भिंतीवर चढवणे. आणि फळ्या दोन नव्हे, तीन लागतात. दोन बाजूच्या चाकांना दोन आणि मधल्याला एक. मधल्या चाकाची फळी विसरून ऐनवेळी धावपळ करणारे आपल्याकडे कमी नाहीत! त्यापेक्षा ट्रॉली एखाद्या उंच बांधाला मागून लावली तर निम्मे काम तिथेच होते. निघण्यापूर्वी हौद्याची आतली रुंदी आणि गाडीची रुंदी दोरीने मोजून घ्यावी.

चौथी गोष्ट बांधण्याची. तीनचाकीला पुढे एकच चाक असते, त्यामुळे वळणावर ती पुढच्या कोपऱ्याकडे कलते. नुसतं हँडल बांधलं की झालं, असं नाही. मागच्या बाजूला सांगाड्यालाच दोन्हीकडून ताण द्यावा आणि पुढूनही दोन्हीकडे ओढून बांधावे. स्कूटरच्या जादा चाकांच्या दांडीला दोर बांधू नये, मूळ सांगाड्याला बांधावा. काथ्याचा दोर हादऱ्यांनी ढिला होतो. कसणीचे पट्टे उत्तम. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी, पेट्रोलचा कॉक असल्यास बंद करावा. चार-पाच किलोमीटरवर थांबून सगळे ताण पुन्हा पाहावेत. हौद्यात माणूस बसवू नये, मग तो गाडीचा मालक का असेना.

अकोला-हिंगोली-नांदेड रस्ता आता चौपदरी झाला आहे. वाहने भरधाव येतात, आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून हुकाची पिन कुलपीसह, सोबत सुरक्षेची साखळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर एवढे तरी हवेच. शक्यतो उजेडीच निघावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीही मोटार वाहनातच मोडते, तेव्हा तिची नोंदणी आणि विमा यांचे कागद सोबत ठेवावेत.

जे सभासद नवी ट्रॉली करून घेणार आहेत त्यांना आमची विनंती आहे. वर्कशॉपवाल्याला सांगून हौद्याच्या तळाला सहा मजबूत कड्या बसवून घ्या आणि मागचा फाळका पूर्ण खाली पडेल असा करा. हे काम सांगाडा तयार होतानाच सांगितले तर खर्च फारसा वाढत नाही. त्याच कड्या ऊस नसताना पंप, पाइप, कडबाकुट्टी न्यायलाही उपयोगी पडतील. आणि गावातला एखादा दिव्यांग बांधव अडला, तर आपली ट्रॉली त्याच्या दारात भरवशाने लावता येईल.