डोंगराच्या पोटातलं कुणी पाहिलंय?

मुंबईच्या नाहूर उपनगरातून पश्चिमेकडे पाहिलं की उंच इमारतींच्या फटींतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे या डोंगरांखालून जाणार आहेत. प्रत्येक बोगदा सुमारे ४.७ किलोमीटर लांब आणि आतून जवळजवळ १३ मीटर व्यासाचा. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा कामाची किंमत ६,३०० कोटींहून अधिक सांगितली गेली. हाच जोडरस्ता नाहूरला मध्य रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्व द्रुतगती मार्गाकडे जातो.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे ती किंमत. मोठी आहे म्हणून नाही. ती आधी सांगता येते म्हणून. डोंगराच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलेलं नसताना एक माणूस आकडा लिहितो, दुसरा त्यावर सही करतो आणि हजारो लोक कामाला लागतात. हे जमतं कसं?

आधी बोअर घेतात. पोकळ ड्रिलने जमिनीत खोल भोक पाडायचं आणि आतल्या खडकाचा दंडगोल गाभा, म्हणजे कोअर, वर काढायचा. नेहमीचा कोअर ५४ मिलिमीटर जाडीचा असतो. शंभर मीटर खोल गेलात तरी हाती येणारा सगळा खडक सव्वादोनशे लिटरच्या आसपास, तेलाच्या एका पिंपाएवढा! आणि या दोन बोगद्यांतून काढायचा आहे बारा लाख घनमीटरहून जास्त. त्यात वर राष्ट्रीय उद्यान. तिथे मनाला येईल तिथे बोअर मारता येत नाही, परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. मधल्या न पाहिलेल्या जागेत काय असेल हे भूगर्भतज्ज्ञ कोअरचे तुकडे पेट्यांत ओळीने मांडून, भेगा मोजून ताडतात. मुंबईचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासच्या ज्वालामुखींचा. पण तो एकसारखा नाही. कुठे टणक बेसॉल्ट, कुठे राखेचा ठिसूळ थर, कुठे कान्हेरीची लेणी ज्यात कोरली तसा खडकांच्या तुकड्यांचा कोबा. शिवाय उद्यानातच तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. भेग लागली आणि पाणी आलं, तर काम थांबणार. थांबलेलं यंत्र खणत नाही, पण व्याज, पगार आणि भाडं चालूच राहतं.

ते पैसे कुणी द्यायचे? करार नावाच्या जाडजूड कागदाचा जीव या प्रश्नात आहे. दर, मोजमाप पुस्तिका, बँक गॅरंटी, भाववाढीचं कलम, दोषदायित्व कालावधी हे सगळे त्याचे हातपाय.

समजा, महापालिकेने किंवा सरकारने सांगून टाकलं की आत काहीही लागो, जोखीम कंत्राटदाराची. ऐकायला किती सुरक्षित वाटतं! आता पाच कंपन्या टेंडर भरतात. अनुभवी कंपनी पाण्याची भीती धरून दर वाढवते. दुसरी म्हणते, बघू पुढचं पुढे. काम सर्वांत कमी दरवाल्याला मिळतं, म्हणजे ज्याला डोंगराची भीती सर्वांत कमी वाटली त्याला. मग पाणी लागतं, पैसे संपतात, काम रखडतं, लवाद बसतो. जोखीम कागदावर दुसऱ्याच्या नावे केली म्हणून डोंगरातून निघून गेली नाही. सार्वजनिक कामांच्या कितीतरी रडकथांचं मूळ इथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावरचा तोडगा मला मानवी बुद्धीचा सुंदर नमुना वाटतो. सल्लागार अभियंत्यांची ‘फिडिक’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९१३ पासून आहे. तिने जागतिक बोगदा संघटनेबरोबर २०१९ मध्ये खास भूमिगत कामांसाठी पाचूच्या रंगाचं करारपुस्तक काढलं. त्यात दोन्ही पक्ष आधीच एक भूगर्भीय आधाररेषा मान्य करतात : इतका खडक असा, इतका तसा, पाणी साधारण इतकं. ही भविष्यवाणी नव्हे. हिशेबासाठी ठरवलेली जमीन आहे. प्रत्यक्षात त्याहून वाईट निघालं तर मालक पैसे आणि मुदत वाढवून देतो. आधाररेषेइतक्या खडकात आपली माणसं आणि यंत्रं कशी चालवायची ही जबाबदारी कंत्राटदाराची. खडक ज्याचा, खडकाची जोखीम त्याची. खणण्याची कला ज्याची, कलेची जोखीम त्याची. मग सगळे टेंडर भरणारे एकाच डोंगराला घाबरतात!

हे शहाणपण फार महाग पडून आलं आहे आणि त्याची एक वाट नाहूरच्या रुळांवरून जाते. बोरीबंदर–ठाणे ही १८५३ ची पहिली रेल्वे इथूनच गेली. ते काम फॅव्हिएल आणि फाउलर या कंत्राटदारांनी केलं. पुढे फॅव्हिएलने बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं कंत्राट घेतलं. १८५६ मध्ये काम सुरू झालं : पंचवीस बोगदे, सदतीसास एक अशी चढण. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल घाटात आला आणि काही दिवसांतच वारला. करार अधांतरी! तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने तो आपल्या हाती घेतला, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि १८६३ मध्ये घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला. १८६१ मध्ये तिथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक पूल कोसळला.

या सगळ्यात जोखीम कुणी उचलली? रेल्वे कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी १८४९ च्या कराराने दिली होती आणि तूट भरायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून. पैशाची जोखीम इथल्या शेतकऱ्याने उचलली, जिवाची मजुराने. पटकीने घाटात हजारो माणसं गेली. त्यातल्या कुणीही करारावर सही केली नव्हती. करार वाचताना मी म्हणूनच आधी शोधते, सही नसलेल्या कुणाच्या डोक्यावर काय ठेवलंय.

नाहूरच्या टॉवरांत घर घेणारा मात्र सही करतो. पूर्वी त्याचे पैसे एका इमारतीसाठी घेऊन दुसरीकडच्या जमिनीत घातले जात. जोखीम त्याची, माहिती दुसऱ्याची. १ मे २०१७ पासून महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, काळ सुरू झाला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि जमीन व बांधकाम यांवरच खर्चावे लागतात. ते काढतानाही अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रं लागतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. ताबा लांबला तर व्याज. बोगद्याच्या करारात जे तत्त्व आहे तेच इथे दोन खोल्यांच्या घरापर्यंत पोचलं आहे : ज्याच्या हातात काम, त्याच्याच डोक्यावर त्या कामाची जोखीम.

तुम्ही घर घेणार असाल तर एवढं करा. महारेराचा नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्प पाहा, त्यातली पूर्णत्वाची तारीख करारातल्या ताब्याच्या तारखेशी ताडून पाहा. आणि नोंदणीकृत विक्री करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कायद्याने ती मागताच येत नाही.