देवघरातल्या चित्राची किनार



आपल्या तुलसी नगरातल्या अनेक मराठी घरांत आजोबांच्या वेळची लक्ष्मी किंवा सरस्वती काचेच्या फ्रेममध्ये आहे. सरकारी क्वार्टर सोडताना सामान कमी करायचे म्हटले की, अशा जुन्या फ्रेमवर पहिली पाळी येते. म्हणून हा विषय घेतला.

यांतली काही चित्रे राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची असू शकतात. हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला व रविवर्मांनी तो आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला.

छपाई दगडावर होई. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र काढून शिळा ओली करीत. पाणी तेलकट रेषेवर ठरत नाही, त्यामुळे छपाईची शाई तेवढ्याच जागी धरते. जितके रंग तितक्या शिळा! दर वेळी कागद नेमक्या जागी बसला पाहिजे, नाहीतर देवीच्या ओठांचा रंग गालावर यायचा. काम झाले की शिळा घासून दुसऱ्या चित्राला वापरता येई. म्हणजे मूळ वस्तू कामातच पुसली जाई. उरलेसुरले 1972 च्या आगीने नेले. छापखान्यासोबत तिथली पुष्कळ चित्रेही जळाली.

अमेरिकेतही असेच घडले. 1909 ते 1911 या काळात तिथे सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत चित्रे घालत. ती छापणाऱ्या न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची दप्तरे आज नाहीत. तेव्हा संग्राहक चित्रामागची जाहिरात, चुकलेली कटाई, सरकलेला रंग यांवरून कोणती चित्रे एकत्र छापली गेली हे जुळवतात. (तंबाखूच्या पाकिटात लहान मुलांचे आकर्षण घालणे आम्हाला मुळीच पटत नाही, पण इतिहास आहे तो आहे.)

आपल्याकडे असा पुरावा चित्राखालच्या पांढऱ्या किनारीत असतो. तिथे बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव व गाव असते. ‘मुंबई’ असेल तर चित्र बहुधा आधीचे, ‘कार्ले-लोणावळा’ असेल तर नंतरचे. फ्रेमवाले नेमकी हीच किनार कापून टाकतात.

तेव्हा फ्रेम बदलायला देण्याआधी किनार कापू नका असे दुकानदाराला स्पष्ट सांगा. किनारीवरचा व मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवून, चित्र घरात कोणी व कोठून आणले ते आजी-आजोबांना विचारून लिहा. कागद वर्गशिक्षकांकडे द्यावा. चित्र घरीच राहू द्या.