हिमक्रीडेचा जामानिमा

गुलमर्गचे पठार सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, आणि तेथे मुलाबाळांसह स्कीइंगला निघालेले कुटुंब खरेदीची यादी करू लागले, की पहिला मान हटकून जाडजूड सुती बनियनांना मिळतो. वस्तुतः थंडीचे खरे हस्तक तेच. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ती स्थिर हवेच्या सुमारे 25 पट असल्याने, बर्फात धडपडून घामेजलेल्या पोराच्या अंगाला चिकटलेले ओले सुती वस्त्र त्याची ऊब झपाट्याने काढून घेते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश बाष्प तंतूंत मुरवूनही ओली भासत नाही. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्यामुळे मूल मोठ्या माणसाच्या आधी गारठते, म्हणून आत लोकरीचा पातळ सदरा, मध्ये हवा कोंडून धरणारा फ्लीस आणि वर जलरोधक जाकीट, अशी तजवीज करावी. पायमोजे एकावर एक चढवू नयेत. बूट आवळला की रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे उलट अधिकच गार पडतात. हातमोजा बोटाबोटांचा नको, चार बोटे एकत्र राहिली म्हणजे परस्परांना ऊब देतात. (मुले तो हरवतातच; जादा जोड असू द्यावा.) ताजा बर्फ अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परावर्तित करीत असल्याने गॉगल व सनस्क्रीन हे चैनीचे जिन्नस नव्हेत; मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही चोपडावे, कारण तेथे ऊन खालून येते. स्की, काठ्या व बूट मात्र विकत घेऊ नयेत. वाढत्या पायाचा बूट पुढल्या हिवाळ्यात निरुपयोगी ठरतो, आणि हा सारा सरंजाम तेथेच भाड्याने मिळतो.